लांब पल्ल्याचे व्याही

जालना जिल्ह्यात घोड्यावर बसणारी माणसं पुष्कळ असतील, पण घोड्याला विचारून बसणारा माणूस एकच आहे आणि तो माझा व्याही आहे. सकाळी खोगीर हातात घेऊन ते घोडीसमोर उभे राहतात, तिच्या डोळ्यांत बघतात, आणि तिने मान फिरवली की खोगीर मुकाट्याने परत खुंटीला जातं. "आज तिचं मन न्हाई," एवढंच म्हणतात. त्यांनी उभा जन्म एस.टी.ची लाल गाडी चालवली. निवृत्तीचा हार गळ्यात घालून तीर्थपुरीला घरी आले, थोडे दिवस ओट्यावर बसले, आणि एका बाजारच्या दिवशी मेथीची जुडी आणायला म्हणून गेले ते घोडी घेऊन परतले. विहीणबाईंनी दारातच विचारलं, "मेथी कुठंय?" व्याही म्हणाले, "तिनं खाल्ली." ही घोडी गावातल्या बँडवाल्याची, सांभाळायला म्हणून मागून आणलेली. पांढरीशुभ्र, निम्म्या तालुक्याचे नवरदेव पाठीवर मिरवून आलेली. या वयात घोडं कशाला, असं मी एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "याही, आमचे आजे-पणजे मेंढरं घिऊन हिंडायचे, बिऱ्हाड तट्टावर. आमच्यात घोडं पयल्यापासून है. मधी जरा स्टेरिंग आल्तं, एवढंच."

ते स्टेरिंग काही पूर्णपणे गेलेलं नाही. घोडीवर बसण्याआधी ते तिच्याभोवती एक चक्कर मारून चारही खुरांवर थाप देतात. वळणावर हात बाहेर काढतात. समोरून बैलगाडी आली तर रस्ता सोडून उभे राहतात आणि गाडीवानाला आधी जाऊ देतात. एकदा रानातल्या मोकळ्या वाटेवर, जिथे मैलभर माणूस नव्हता, तिथे त्यांनी मागे वळून बघितलं आणि मगच घोडी डावीकडे घेतली. मी हसलो, तर म्हणाले, "सवय मोडली की अपघात." असा माणूस शर्यतीत उतरतो हे ऐकून मला प्रथम घोडीची काळजी वाटली होती. पण त्यांनी निवडलेली शर्यत त्यांच्याच जातकुळीची निघाली. लांब पल्ल्याची घोडदौड. मुरमाच्या रस्त्यांनी, कालव्याच्या कडेने पहाटेपासून फेऱ्या मारायच्या. प्रत्येक फेरीनंतर जनावरांचे डॉक्टर घोड्याच्या छातीला नळी लावणार. दिलेल्या वेळात ठोके ठरलेल्या आकड्याखाली उतरले नाहीत किंवा पाय लंगडताना दिसला, की घोडं बाद. वर बसलेला माणूस कितीही ठणठणीत असो, त्याला कोणी विचारत नाही. व्याह्यांना हे फार पटलं होतं. "बाकी समद्या शर्यतीत डायवरला मेडल," ते म्हणायचे, "ह्यात गाडीला इचारतेत, बाई बरी हैस का म्हणून."

मात्र अशी शर्यत त्यांना काही पुरी करता येत नव्हती. पहिल्या वेळी फाट्यावर एका म्हातारीने हात केला. वर्षानुवर्षांचा पाय, तो आपोआप ब्रेक शोधू लागला आणि घोडी थांबली. म्हातारीला धावडा गावी दिलेल्या लेकीकडे जायचं होतं. तिला कोणती गाडी, कुठे बदलायची, हे सगळं नीट सांगून होईपर्यंत ठरलेली वेळ टळून गेली. दुसऱ्या वेळी अखेरच्या फेरीत घोडीच्या खुरात खडा गेला. व्याही उतरले आणि लगाम धरून उरलेली वाट पायी चालत आले. मैदानावर पोचले तेव्हा मंडपवाले कनाती सोडत होते. मी हळहळलो, तर उलट मलाच समजावलं, "गाडी लेट झाली तरी चालतंय याही. पाशिंजर धड उतरला पायजे." विहीणबाईंचं समजावणं मात्र वेगळं होतं. लग्नसराई तोंडावर आली होती आणि बँडवाला घोडी परत मागत होता. त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आवो, आता एक शर्यत धड पुरी करून दावा. न्हाई तर घोडी बँडवाल्याला वापस. गुडघे तुमचे दुखतेत आन् तेल मी लावून राह्यले." त्या रात्री व्याही जेवले नाहीत, असं माझ्या लेकीने मला फोनवर सांगितलं.

आता इथे माझा आणि त्या घोडीचा पूर्वीचा परिचय सांगणं भाग आहे. लेकीच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा तीर्थपुरीला गेलो, तेव्हा व्याह्यांनी मानाने मला घोडीवर बसवलं. मी बदनापूरच्या शाळेत खुर्चीवर बसून नोकरी केलेला माणूस. मला वाटलं, बसणं ते बसणंच. तेवढ्यात गावाच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी बँड वाजला. घोडीने कान टवकारले आणि निघाली. मी "थांब", "हो", "अगं बाई" हे सगळे शब्द वापरून पाहिले. ती मला घेऊन एका अनोळखी वरातीत शिरली, खऱ्या नवरदेवाच्या घोड्याला मागे टाकून पुढे झाली, झकास नाचली आणि थेट मांडवाच्या दारात जाऊन उभी राहिली. एका बाईने घाईघाईत माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग चेहरा बघून शेजारणीला म्हणाली, "बया, नवरदेव पार उतारवयाचाच निघाला की."

एवढा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाने काय करू नये, हे कोणीही सांगेल. मी तेच केलं. या वेळची शर्यत आमच्या बदनापूरजवळच होती. पुण्या-नाशिकचे स्वार आले होते, मनगटावर घड्याळं अशी की घोड्याचे ठोके घड्याळातच दिसावेत. आमच्या व्याह्यांनी माझ्या लेकीने आणून दिलेली घट्ट विजार घातली होती आणि ती लाजेखातर धोतराखाली झाकली होती. शिट्टी झाल्यावरच त्यांनी धोतर सोडून माझ्या हातात दिलं. फेरीमागून फेरी घोडी तपासणीतून बिनबोभाट सुटत होती. ऊन चढलं तसे घड्याळवाले एकेक करून बाद होऊ लागले. आणि या वेळी शर्यत पुरी होणार असं दिसताच माझ्यातला व्याही उसळून आला. व्याह्यांचा सत्कार वाजतगाजत झाला पाहिजे. मी तीर्थपुरीच्या बँडवाल्याला फोन केला. हो, त्याच बँडवाल्याला. तो जवळच एका कार्यक्रमाला आला होता, टेम्पोत बँड घालून हजर झाला. मी त्याला चार वेळा बजावलं, "रेघ ओलांडली की मगच वाजवायचं." त्याने मान डोलावली. पण घोडी नजरेला पडली की वाजवायचं, हा त्याच्या आयुष्याचा नियम. लांबून पांढरा ठिपका दिसला आणि क्लॅरिनेट सुरू झालं.

शेवटची रेघ हाकेच्या अंतरावर असताना घोडी थांबली. मग नाचायला लागली. दोन्ही पुढचे पाय उचलून, मान वाकवून, अगदी मन लावून. प्रेक्षक खूश. कोणीतरी शिट्ट्या मारल्या, एकाने तर घोडीवरून नोट ओवाळली. ती नाचत नाचतच रेघ ओलांडून आली. तरुण डॉक्टरीणबाईंनी नळी लावली आणि मान हलवली. "काका, ठोके फार आहेत. थोडा वेळ आहे अजून. तेवढ्यात खाली आले तर ठीक." मी बँडवाल्यावर धावून गेलो, बँड बंद केला, बादलीने घोडीच्या मानेवर पाणी ओतलं, घाईत निम्मं डॉक्टरीणबाईंवर ओतलं. काही उपयोग नाही. घोडी कान ताठ करून, खूर आपटत बँडकडे बघत उभी. दुसऱ्यांदा नळी लागली. आकडा तसाच, आणि वेळ थोडाच उरलेला.

मी व्याह्यांकडे बघायचं टाळत होतो. खोगीर काढून त्यांनी खाली ठेवलं, घोडीकडे जरा वेळ बघितलं आणि सावकाश बँडवाल्यापाशी गेले. "बँडमास्तर, तुमी मधीच बंद केलं. वरात अडकली असं वाटून राह्यलं तिला. मांडवाच्या दारात शेवटाला वाजवता ना तुमी, नवरदेव उतरताना, ती चाल वाजवा." मी म्हणालो, "आवो, आता अजून बँड?" डॉक्टरीणबाई पदराचं पाणी पिळत म्हणाल्या, "नियमात बँडाबद्दल काही नाहीये." बँडवाल्याने मात्र क्लॅरिनेट उचललं नाही. घोडी बाद झाली तर ती त्याचीच होती, आणि सराईच्या तोंडावर त्याला ती हवी होती. हे व्याह्यांनाही माहीत होतं. त्यांनी पुन्हा सांगितलं नाही. बँडवाल्याने घोडीकडे बघितलं, ओठ पुसले. "लै दिस नाचली बिचारी," म्हणाला आणि क्लॅरिनेट तोंडाला लावलं.

ती चाल संथ होती. ढोलवाल्याने हात हलका ठेवला. घोडीचे कान हळूहळू सैल पडले. मान खाली आली. एक मागचा पाय तिने टेकवून आरामात वाकवला आणि लांब फुरफुरली. मांडवात पोचल्यावर, पाठ मोकळी झाल्यावर, पाण्याची बादली पुढे आल्यावर ती वर्षानुवर्षं हेच करत आली असणार. चाल संपली. डॉक्टरीणबाईंनी नळी लावली, ठोके मोजले आणि हसून अंगठा वर केला. पहिल्यापासून मोजलं तर नंबर सांगण्यासारखा नव्हता. शेवटून मोजलं तर पहिला होता. शर्यत पुरी झाल्याचं पदक व्याह्यांनी घोडीच्या गळ्यात घातलं आणि माझ्याकडचं धोतर लगेच मागून घेतलं.

घोडी राहिली. विहीणबाई आता तिला रोज सकाळी भाकरी घालतात आणि कोणी बघत नाही असं समजून तिच्याशी बोलतात. पण व्याह्यांनी पुन्हा शर्यतीत नाव दिलं नाही. मागच्या महिन्यात मी तीर्थपुरीला गेलो, तर ते तिला घेऊन मोसंबीच्या बागेच्या कडेने फिरायला निघाले होते. खोगीर नाही, लगाम नाही, दोघंही पायीच. मी बरोबर चालू लागलो. बरंच अंतर गेल्यावर मी विचारलं, गुडघ्यांमुळे सोडलं का, की विहीणबाईंमुळे? ते थांबले. घोडीही थांबली.

"न्हाई हो. त्या दिशी ती चाल वाजवून मी तिला सांगितलं, पोचलो म्हणून. तिनं बराबर इस्वास ठिवला, काळीज शांत करून दावलं," ते म्हणाले. "आता तिला उठवून पुन्हा निघ म्हणायचं, म्हंजे मी खोटं बोललो असं व्हतं."

घोडीने बांधावरचं गवत ओढलं. तिचं खाऊन होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.