नंबर: मुकादमाचाच

"रक्ताचा रिपोर्ट आला न्हाई, म्हंजी बरंच हाय न्हवं?" काऊंटरपाशी उभी असलेली बाई विचारत होती. पाच महिन्यांची गरोदर. मागे नवऱ्याची घाई चाललेली, कारण ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीचा ट्रक दुपारी निघणार होता.

बीडच्या त्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर माझं. त्या दिवशी मात्र मी प्रिंटर जोडायला गेलो होतो. प्रोग्रामर म्हटलं की आपल्याकडे प्रिंटर आलाच.

काऊंटरवरच्या सय्यदभाईंनी स्क्रीन बघितली. नावापुढे हिरवी टिक. "रिपोर्टचा मेसेज गेलाय की! तुमीच बघितला नसंल."

"आमच्याकडं कुठं फोन हाय?"

मी प्रिंटर सोडला आणि तिची नोंद उघडली. नंबरच्या रकान्यात लिहिलं होतं: मुकादमाचाच.

"टोळीतल्या सगळ्यांचा नंबर एकच, टोळी नेणाऱ्या मुकादमाचा," सय्यदभाई म्हणाले. "येकदा लिव्हला, बस झालं. कावून परत परत लिव्हायचा?"

माणसाला हे कळतं. माझ्या प्रोग्रामला कसं कळणार? काऊंटरवर खोळंबा नको म्हणून तो मेसेजचं काम मागच्या मागे दुसऱ्याकडे सोपवतो. याला बॅकग्राऊंड टास्क म्हणतात. टास्कने 'मुकादमाचाच' हा नंबर लावून बघितला, एरर दिली आणि तो जागीच आडवा झाला. त्याचं काय झालं, हे माझ्या प्रोग्रामने विचारलंच नाही. काम सोपवलं की लगेच हिरवी टिक. मीच तसं लिहिलं होतं.

रिपोर्ट डॉक्टरांना दाखवला. हिमोग्लोबिन इतकं कमी बघून ते खुर्चीतून उठलेच. "ऊसतोड? आधी ॲडमिट करा."

"सायेब, कोयता मोडतो की आमचा," नवरा म्हणाला. टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता.

"बाई मोडण्यापेक्षा कोयता मोडलेला बरा."

ट्रक गेला. बाई राहिली. नवराही राहिला, तोंड पाडून. मला स्वतःची फार लाज वाटली.

त्याच संध्याकाळी मी कोड बदलला. नंबरात अक्षरं चालणार नाहीत, आणि टास्क पडला तर नाव लाल होऊन काऊंटरवर दिसेल. जुने मेसेजही तपासायला लावले. सकाळी सगळी स्क्रीन लालेलाल. डॉक्टरांचा फोन आला.

"अहो, कालपर्यंत छान चाललं होतं! काय बिघडवलंत?"

"बिघडलेलं दिसायला लागलंय, एवढंच," मी म्हणालो. त्यांना ते पटलं नसावं.

काही कळलं नाही म्हणजे सगळं बरं आहे, अशी त्या बाईची समजूत होती. माझ्या प्रोग्रामचीही तीच. फरक इतकाच, की ती निदान विचारायला आली.