आईच्या गळ्याचं बाहेर सांगायचं नाही

आईच्या गळ्याला सूज होती, हे अंबडात आमच्या घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. ती दोन्ही खांद्यांवरून पदर घेई. सगळ्याच बायका तसा घेत, त्यामुळे कुणाचं लक्ष जात नव्हतं.

मी मॅट्रिक होऊन हैदराबादहून परत आले, त्या उन्हाळ्यात माझे वडील, नाना, आम्हा दोघींना जालन्याच्या जनाना दवाखान्यात घेऊन गेले. मला इंग्रजी येतं म्हणून नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आईचा गळा चाचपला, हात पुढे धरायला लावले. हात कापत होते. त्या म्हणाल्या, गळ्यातली थायरॉइड नावाची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते, म्हणून काळीज धावतं आणि माणूस वाळत जातं. दुधातून घ्यायचे थेंब दिले. निघताना इंग्रजीत एक चिठ्ठी लिहून माझ्या हातात ठेवली. घरी आल्यावर मी ती मराठीत वाचून दाखवली. सर्दी-ताप आला तर निजून राहावं. पाणी भरपूर प्यावं. वाफ घ्यावी. अंग ओल्या फडक्यानं पुसावं, पांघरुणात गुंडाळू नये. आणि कुणाचंही औषध घेण्याआधी त्याला गळ्याचं सांगावं, कारण सर्दीची काही औषधं काळजाला आणखी पळवतात.

नानांनी चिठ्ठी घडी करून शेरवानीच्या खिशात ठेवली. म्हणाले, "हे घरातच राहू द्या."

कारण मी होते. मंठ्याचं एक स्थळ माझ्यासाठी चाललं होतं. मुलगा वकिलीची परीक्षा देत होता. पुढं दिवाळीत पत्रिकाही जुळली. आईला गलगंड आहे म्हटल्यावर मुलीलाही होईल असं लोक धरून चालतात. हे मला कुणी सांगितलं नाही. नाना आणि आत्या बोलताना मी शेजारच्या खोलीत होते.

पौषात घरात सर्दी आली. आधी आत्या शिंकली, मग मी, मग आई. आत्याची आणि माझी चार दिवसांत गेली. आईला ताप चढला.

आमच्याकडे बाई आजारी पडली की ती दवाखान्यात जात नसे. घरातला पुरुष रिकामी बाटली घेऊन जाई, बाईला काय होतं ते आपल्या शब्दांत सांगे आणि भरलेली बाटली घेऊन येई. बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली असे. एका खाचेपर्यंत एक वेळचं औषध. आत काय आहे ते कुठंच लिहिलेलं नसे.

नाना बाटली घेऊन आले. मी विचारलं, "नाना, गळ्याचं सांगितलं का?"

"त्याचा सर्दीशी काय संबंध?"

"चिठ्ठीत होतं."

"डाक्टरची सासुरवाडी मंठ्याची हाय," नाना म्हणाले. "बराबर समजून घे. आज इथं बोललं की परवा तिथं पोचलं."

मी समजून घेतलं. पहिली खाच मीच पाजली.

दुपारी दुसरी खाच झाली. त्यानंतर आईची नजर बदलली. ती पडून होती, पण कुठंतरी जायची घाई असल्यासारखी. बोटं गोधडीवर थरथरत होती. मी मनगट धरलं आणि ठोके मोजायला लागले. मोजता येईनात.

"ताप हाय, धडधडणारच," आत्या म्हणाली. तिनं आईवर दोन घोंगड्या घातल्या आणि बाजेखाली शेगडी सरकवली. "घाम निघाला की उतरतो. आपल्या घरात असंच करत आले सगळे, कुणाला जालन्याला जावं लागलं न्हाई."

मी म्हटलं, "आत्या, गुंडाळायचं नाही असं लिहिलं होतं."

"लिहिणारीला पौष माहीत हाय का?"

आई मला हळूच म्हणाली, "छातीत कुणीतरी पळून राह्यलंय गं." तेवढं बोलायलाही तिला दम लागला. आत्या पाणी आणायला गेली तेव्हा मी शेगडी उचलून बाहेर ठेवली, घोंगड्या काढल्या. मला भीती वाटली असेल. आता आठवत नाही. शेगडीचा कान तापलेला होता आणि बोटाला फोड आली, ते आठवतं.

नाना कचेरीत होते. मी बाटली पदराखाली घेतली आणि बाजारातल्या डॉक्टरांकडे एकटी गेले. अंबडात आल्यापासून मी एकटी बाजारात गेले नव्हते.

बाकावर पाच-सहा पुरुष बसले होते. दोघं नानांचे पक्षकार. त्यांच्यासमोर मला गलगंड हा शब्द उच्चारता येईना. म्हणून मी डॉक्टरांना सगळं इंग्रजीत सांगितलं. थायरॉइड, जालना, थेंब, दोन खाचा, ठोके. मला वाटलं, इंग्रजी कुणाला कळणार नाही.

डॉक्टर ऐकत राहिले. मग मराठीत, चांगल्या मोठ्यानं म्हणाले, "गलगंड हाय? आईला? मंग वकीलसाहेबांनी आधी सांगायचं न्हाई का? सर्दी मोकळी व्हायचं औषध टाकलंय मी त्याच्यात. ते अशा माणसाच्या काळजाला बिलकुल चालत न्हाई."

बाकावरच्यांनी माना वळवल्या. एकानं दुसऱ्याकडे पाहिलं.

डॉक्टरांनी बाटली मोरीत ओतली आणि टोपी घातली. "चला जल्दी," म्हणाले. आले ते तसेच पायी. आईला पाहून त्यांनी खिडकी उघडायला लावली. कपाळावर, काखेत ओली फडकी ठेवायला सांगितली. थंड पाणी, पेज, वाफ. झोपेसाठी एक पुडी दिली. जाताना म्हणाले, "तिसरी खाच पाजली असती तर कठीण होतं. संध्याकाळपर्यंत ठोके उतरले न्हाईत तर मोटारीनं जालन्याला न्या."

मी फडकी बदलत बसले. दिवेलागणीच्या सुमारास मला ठोके मोजता आले.

नाना घरी आले तेव्हा त्यांना वाटेतच कळलं होतं. ते आईजवळ उभे राहिले, तिच्या कपाळाला हात लावला आणि कपडे बदलायला गेले.  

पंधरा दिवसांत मंठ्याहून कार्ड आलं. पत्रिका जुळत नाही.

"दिवाळीला जुळल्ती ना?" आत्या म्हणाली. "ग्रह हलले वाटतं, सर्दीनं."

मी कार्ड वाचलं. अक्षर चांगलं होतं. मला काही वाटायला हवं, असं वाटून मी थोडा वेळ कार्ड हातात धरून बसले. मग ते कोनाड्यात ठेवलं.

आई उठून हिंडायला लागल्यावर एका दुपारी तिनं मला ओसरीत वेणी घालायला बसवलं. बऱ्याच दिवसांनी. हात अजून कापत होते, त्यामुळे पेड पुन्हा पुन्हा सुटत होते.

"तू चूप राह्यली असती तर लग्न झालं असतं तुझं," ती म्हणाली.

"हो."

"नाना म्हणतात, मोठ्यानं बोलला तो डाक्टर."

"मी इंग्रजीत बोलले होते."

तिनं सुटलेला पेड पुन्हा हातात घेतला. "अन् मी?" म्हणाली. "तू चूप राह्यली असती तर?"

तिनं पेड ओढून घट्ट केले आणि गोंडा बांधला. वेणी फार घट्ट झाली होती. डोकं दुखायला लागलं, पण मी ती सैल केली नाही.