कालव्यातली गोगलगाय

कालव्याला पाणी सुटलं की ओल्या चिखलाचा वास बसमध्ये शिरतो. आज शाळेतून दमून घरी येताना तो आला आणि मला तुळजा आठवली.

इंग्रजी शाळेत माझं शिकवण्याचं ते पहिलंच वर्ष होतं. पहिलीतली तुळजा वर्गात कधीच बोलत नसे. "बोलली नाही, तर पुन्हा पहिलीतच बसेल," मोठ्या बाईंनी मला बजावलं होतं. उन्हाळ्यात कालवा आटला की गोगलगाय कवचाचं झाकण लावून चिखलात पाण्याची वाट बघते, हे दाखवायला मी एक मिटलेली गोगलगाय आणून पाण्यात ठेवली.

"मिस, ती मेलीय," मुलं हसली. घंटा झाली, सगळी पळाली. तुळजा तेवढी थांबली आणि घरच्या मराठीत हळूच म्हणाली, "तुम्ही बघताय म्हणून ती बाहेर येत नाही."

मग आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून बसलो आणि ती बोलतच राहिली.

मी आनंदाने बाईंना सांगितलं. त्यांनी तिला समोर उभं केलं. "हं, बोल." ती बोलली नाही आणि पहिलीतच राहिली. तेव्हा मला तिचाच राग आला होता. आता दिवसभर वर्गासमोर उभी राहून घरी आले की माझ्याच्यानेही कुणाशी बोलवत नाही.