आहेरात आलेली माझीच गोधडी

बाजव्याजवळच्या कारखान्याची कॉलनी सोडून आम्ही छाणीला स्वतःचं घर घेतलं. त्याच्या वास्तुशांतीला मीच शिवलेली गोधडी मला आहेर म्हणून आली.

ती मी नणंदेला दिली होती, तिच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला. माझ्या आईच्या मऊ पातळांची, कोपऱ्यात लाल दोऱ्याचं तुळशीवृंदावन. शिवायला अख्खा पावसाळा गेला होता. नंतर तिच्याकडे गेले की मी विचारायचे, गोधडी वापरता ना? ती म्हणायची, हो वहिनी, हे तर तीच पांघरतात. ते ऐकायला मला इतकं आवडायचं की पुढच्या खेपेला मी पुन्हा विचारायचे.

वास्तुशांतीची जेवणं उरकल्यावर नणंद आणि तिच्या सोसायटीतली एक गुजराती मैत्रीण माझ्याजवळ बसल्या होत्या. मैत्रिणीने आणलेलं पुडकं तिच्या आग्रहाखातर मी तिथेच उघडलं. आत ती गोधडी. घडीसुद्धा मी घातलेलीच, आणि डांबराच्या गोळ्यांचा वास.

"हाथनी छे, बेन," ती म्हणाली. हाताने शिवलेली आहे, आमच्याकडे नुसती पडून होती, तुम्हा मराठी लोकांना आवडेल म्हणून आणली, असं तिने अगदी मनापासून सांगितलं. आपल्याला ती कुणी दिली हे बहुधा ती विसरली होती. नणंद विसरली नव्हती. ती खाली फरशीकडे बघत राहिली.

काहीतरी बोलणं भाग होतं. "छान आहे," मी म्हणाले. "टाके किती बारीक घातलेत."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. नणंद मागोमाग आली. एसी घेतल्यापासून घरात सगळ्यांना ब्लँकेटच लागतं, मुलं गोधडीला हसली, टाकून देववेना म्हणून मैत्रिणीला दिली, हे सगळं ती ओट्याकडे बघत बोलली. मग म्हणाली, "वहिनी, तुम्ही दर वेळी विचारायचात. मी काय सांगणार होते?"

तोवर मला वाटत होतं, लाज तिला वाटायला हवी. पण माझ्या समाधानासाठी तिला खोटं बोलावं लागत होतं, तेही तिच्याच घरात, आणि मी ते चहाबरोबर मिटक्या मारत ऐकत होते. तुला दिली ती तुझी, तिचं तू काहीही कर, असं मी म्हटलं खरं, पण आवाज रडवेला निघाला. त्याचीही लाज वाटली.

गोधडी आम्ही वापरायला काढली. पुढे नणंदेला नातू झाला तेव्हा मी फोनवर विचारलं, बाळासाठी दुपटं शिवू का? नको असेल तर नको म्हण.

"नको, वहिनी," ती म्हणाली. "सुनेसाठी डिंकाचे लाडू पाठवा."

मला लागलंच, नाही कशाला म्हणू. पण तिच्या आवाजात मोकळेपणा होता, तो मी बऱ्याच दिवसांनी ऐकत होते. संध्याकाळी मी डिंक आणायला मांडवीच्या बाजारात गेले.