लिबियाहून परतलेली बाई

लिबियात लोक राजवटीविरुद्ध उठले होते, त्या दिवसांत मी आणि माझा सहकारी शिरूरहून दौंडला जाताना एसटीत रोज वाद घालायचो. पाश्चात्त्य देशांनी विमानं धाडावीत, नाहीतर तिथली माणसं मारली जातील, असं तो म्हणायचा. त्यांना तेल हवंय, माणसांशी काही देणंघेणं नाही, असं मी म्हणायचो.

पुढच्या बाकावर पन्नाशीची एक बाई एकटीच बसायची. मोबाइलवरून एकच नंबर लावायची, बराच वेळ फोन कानाशी धरायची आणि मग पदरानं मोबाइल पुसून पिशवीत ठेवायची.

एकदा ती मागं वळून म्हणाली, "मी तिथं दवाखान्यात नर्स होते. गेल्याच आठवड्यात आले."

सहकाऱ्यानं लगेच विचारलं, "मग मावशी, विमानं जावीत का न्हाई?"

"सकाळी वाटतं, जावीत. संध्याकाळी वाटतं, बॉम्ब काय माणूस बघून पडतोय व्हय? आम्हाला न्यायला जहाज आलं. माझ्यासंगं ड्युटी करणारी तिथली पोरगी बंदरावर सोडायला आली होती. आता तिचा फोनच लागंना. तिला न्यायला कोण येणार, तेवढं सांगा."



पुढं विमानं गेली. काही महिन्यांनी राजवट पडल्याची बातमी आली, सोबत जल्लोष करणाऱ्या गर्दीचा फोटो होता. मी पेपर तिच्या हातात दिला. बातमी न वाचता ती फोटोतल्या एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेली. दौंड आलं, गाडी रिकामी झाली, तरी ती उठली नाही.

"सगळे बाप्येच हायेत ह्यात," ती म्हणाली आणि पेपरची नीट घडी करून तिनं मला परत दिला.