गॅस संपलाय, असं मीच ठरवलं होतं

ऐन उन्हाळ्यात आमच्या गाडीचा एसी थंड हवा देईना. कनेरगाव नाक्याहून हिंगोलीला येताना मी दर दोन मिनिटांनी पंखा चारवर न्यायचो, परत खाली आणायचो, जाळीपुढे हात धरून बघायचो. घरघर मोठी, हवा मात्र फुंकरीएवढी. मागच्या सीटवरून बायको म्हणाली, "हळदीचा वास येऊन राहिला."

मी भडकलो. "हळदीच्या मुलखात मग काय अत्तराचा येईल? गॅस संपलाय." आणि सगळ्या काचा खाली केल्या.

गॅरेजवर उतरायच्या आधीच मी मिस्त्रीला गॅस भरायला सांगितलं. त्याने बॉनेट उघडून एका नळीला हात लावला, मग मलाही लावायला सांगितलं. नळी गार होती, वर पाणी सुटलेलं.

"गॅस बराबर हाये," तो म्हणाला. "हवेलाच आत यायला वाट न्हाई."

डॅशबोर्डचा कप्पा काढून त्याने मागचा फिल्टर ओढला. तो पिवळाजर्द झाला होता. झटकला तशी हळद उडाली.

तेव्हा मला आठवलं. आमच्या अंगणात हळद पॉलिश करायचा ड्रम फिरत होता, तेव्हा धूळ नको म्हणून मी दोन दिवस शेजारीच गाडी लावून, काचा चढवून, एसीत बसून देखरेख केली होती.

"एवढी हळद भरली," मिस्त्रीने विचारलं, "तुमाला वास न्हाई आला?"

मी घाम पुसत राहिलो.

"यांना न्हाई आला," बायको मागून म्हणाली.