चादरीतला अंधार

एल आल्तोच्या बाजारात सातुर्निना चोके जुने मोबाइल विकायची, आणि विकण्याआधी गिऱ्हाइकाला पाठीवरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चादरीत डोक्यासकट ओढून घ्यायची. अहो, डोंगरमाथ्यावरचं ऊन ते! त्या उन्हात स्क्रीनवरचा डाग दिसायचा नाही कुणाच्या बापाला. अख्खा बाजार त्या उन्हावरच तर जगत होता. सातुर्निना मात्र अंधार करायची. स्क्रीन आधी पांढरी, मग लाल, मग काळी करून दाखवायची आणि स्वतःच बोट ठेवायची.

"हा बघ पिवळा डाग. इथे अक्षरांची सावली उमटलीय. घ्यायचा तर घे, नाहीतर चालायला लाग."

निम्मी गिऱ्हाइकं चालायला लागायची. उरलेली घ्यायची आणि पुढच्या रविवारी बहिणीलाही घेऊन यायची. हळूहळू लोक दुसऱ्यांच्या दुकानांपुढेही विचारू लागले, "तुमची चादर कुठाय?" झालं! सगळ्यांच्या पोटात दुखायला लागलं.

विक्रेत्यांच्या संघटनेचा म्होरक्या सेवेरो आपासा. त्याचंही मोबाइलचंच दुकान, चांगलं ऐसपैस. एका गुरुवारी तो तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"सातुका, गुंडाळ ती चादर. लोकांच्या पोटावर पाय देतेस तू."

"मी? ताता सेवेरो, मी नुसता अंधार करते. डाग तुमचे तुम्हीच आणलेत."

"जास्त शहाणपणा नको. चादर ठेव, नाहीतर जागा. दोन्ही मिळणार नाहीत."

जागा! इथेच बसून आईने आयुष्यभर बटाटे विकले होते. सातुर्निना रांगायला शिकली ती ह्याच तुकड्यावर, आणि घरची चूलही त्याच्यावरच पेटत होती.

"अगं, हो म्हण ना," शेजारची निकासिया दबक्या आवाजात म्हणाली. "उद्या काय चादर शिजवून खाणारेस?"

सातुर्निनाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाच तिला भयंकर संताप आला. तिने मोबाइल पिशवीत कोंबले, टेबल मिटलं, हॅट सारखी केली.

"घ्या जागा. गिळा!"

आणि चादर खांद्यावर टाकून ती गर्दीत शिरली. सेवेरो हसला. मेल्याला कळलंच नाही आपण काय करून बसलो ते. इतके दिवस ती चादर निदान एका जागी बसून तरी होती!

गल्लीच्या टोकालाच पहिली हाक आली. "ए मावशी, जरा इकडे ये गं!" एक पोरगी दुसऱ्याच कुणाच्या दुकानापुढे मोबाइल हातात धरून उभी होती. दुकानदार बोंबलत राहिला, सातुर्निनाने अंधार केला. पोरीने बघणावळ म्हणून तिच्या हातावर एक नाणं ठेवलं. रविवारी तर हाका थांबेनात.

दुपारी एका म्हाताऱ्याने हात वर केला. तो सेवेरोच्या दुकानापुढे उभा होता.

"खबरदार!" सेवेरो आतून गरजला. "माझ्या मालाला हात लावायचा नाही!"

"नाही लावत, ताता. मोबाइल आजोबांनीच धरलाय."

असं म्हणून तिने म्हाताऱ्याच्या डोक्यावरून चादर ओढली. सगळी गल्ली खरेदी सोडून बघत राहिली, आणि आतून तिचा आवाज आला, चांगला खणखणीत, "आजोबा, नीट बघा. डाग इथून सुरू होतो, तो थेट इथपर्यंत."